सवलत कुणाला, भुर्दंड कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचरं अमेरिकेत नोकरीला आहेत. तिथे आरोग्यविमा बहुधा कंपनीमार्फत मिळतो आणि हप्त्याचा काही भाग पगारातून कापला जातो. तो किती कापायचा, हे काही कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या रक्तदाबावर, वजनावर, सिगारेटवर ठरतं. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने त्याला मुभा दिली आहे. विम्याच्या एकूण खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सवलत द्या किंवा जादा आकार लावा. तंबाखूसाठी ५० टक्क्यांपर्यंत. २०२४ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या विम्याचा वार्षिक खर्च सरासरी ९,००० डॉलरच्या आसपास होता. त्याचे ३० टक्के म्हणजे २,७०० डॉलर. दुकानात काम करणाऱ्याला ही रक्कम जड जाते.

कर्मचाऱ्यांची तब्येत सुधारावी म्हणून कंपन्या आरोग्य उपक्रमही राबवतात; त्याने उपचारांचा खर्च घटतो, असा त्यांचा भरवसा होता तो जुन्या अभ्यासांवर. कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या संशोधकांनी २०१० मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. उपक्रमावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे उपचारखर्चात ३.२७ डॉलर वाचतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे बायकर आणि साँग यांनीच हा प्रश्न अधिक कसोशीने तपासला, याचं मला फार मोल वाटतं. बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीच्या १६० शाखांपैकी २० शाखा त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या आणि फक्त तिथेच आरोग्य उपक्रम राबवला. दीड वर्षानंतर तिथले जास्त कर्मचारी ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असं सांगत होते. पण रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च, गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग आधीची बचत आली कुठून? याचं उत्तर इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगाने दिलं. तिथे सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची अशीच विभागणी केली होती. उपक्रमात उत्साहाने उतरले त्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी होता. जी माणसं मुळात धडधाकट, तीच पुढे आली आणि बक्षिसाची रक्कमही त्यांनाच मिळाली.

मला खटकतं ते इथेच. एकूण खर्च घटत नसेल, तर एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या खिशातून भरून निघण्याचा धोका राहतो. आणि तो दुसरा बहुधा आधीच आजारी असतो, दोन पाळ्या करून थकलेला असतो.

वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांनी हे ओळखलं. हालचालींची नोंद ठेवणारं अ‍ॅप वापरून गुण मिळवा, नाहीतर महिन्याला २५ डॉलर जादा भरा, अशी योजना त्यांच्यापुढे आली. लोक इतके संतापले की ती मागे घ्यावी लागली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पगार आणि विम्याच्या प्रश्नावर शिक्षकांच्या संपामुळे राज्याच्या सर्व ५५ काउंट्यांतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, शाळा बंद पडल्या.

तुमच्या घरातल्या कुणाला रक्तदाब किंवा वजनामुळे असा जादा आकार लागत असेल, तर त्यांना एवढं जरूर कळवा: ठरलेला आकडा गाठता आला नाही, तरी सवलत मिळवण्याचा दुसरा वाजवी मार्ग कंपनीने द्यावाच लागतो. तो मार्ग आपल्या प्रकृतीला झेपणारा नाही असं स्वतःच्या डॉक्टरांचं मत असेल, तर तेही कंपनीला विचारात घ्यावं लागतं. ही सोय मागून घ्यावी, आणि लेखी मागावी.

नमस्कार.