23 वर्षांचं लाकूड

(पेटतं पिंप. काही क्षण फक्त आगीचा आवाज.)

55 सेकंद. एवढाच वेळ बर्बन व्हिस्कीचं हे पिंप आतून जाळायचं, मग पाणी मारायचं. खिळा नाही, डिंक नाही. पांढऱ्या ओकच्या फळ्या एकमेकींना घट्ट दाबून उभ्या, बाहेरून पोलादी कड्या. आतल्या बाजूला चौकोनी खवले उठलेत पाहा. याला मगरीचं कातडं म्हणतात. त्या कोळशाखाली लाकडातली साखर करपून तांबडा थर झालेला असतो. खरा माल तो.

हे अमेरिकेतलं केंटकी. बर्बनला धान्यात किमान 51 टक्के मका लागतो आणि पिंप कोरंच लागतं. वरून रंग घालायचा नाही. ग्लासात पुढे जो तांबूसपणा दिसेल, तो या लाकडाचा आणि या आगीचा.

(सात मजली गोदाम. फटीतून येणारं ऊन.)

उन्हाळ्यात वरचे मजले भट्टीसारखे तापतात. दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. येताना लाकडातलं काहीबाही घेऊन येते. दरवर्षी 3 ते 5 टक्के हवेत उडते. तो म्हणे देवदूतांचा वाटा. 23 वर्षांनी निम्मं पिंपही उरत नाही. याच वाफेवर जगणारी काळी बुरशी आसपासच्या घरांवर चढते, त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या.

(तांब्याची नळी पिंपात उतरते.)

या नळीचं नाव 'चोर'.

ग्लास नाकाशी न्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं. आधी काकवी. मग सुकं खोबरं. तेही ओकचंच देणं. लवंग, जुनी लाकडी पेटी. घोट घेतला की गोडी पटकन येऊन जाते आणि मागे राहतो तुरटपणा, पानातल्या कातासारखा जीभ धरणारा. मका शोधावा लागतो. आम्हाला विचाराल तर दहा-बारा वर्षांची बर्बन जास्त मोकळी बोलते. बाजाराला ते पटत नाही: पॅपी व्हॅन विंकल या ब्रँडची 23 वर्षांची बाटली हातोहात हजारो डॉलरला विकली जाते.

(रिकामी पिंपं ट्रकवर चढतात.)

या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही. अशी पिंपं स्कॉटलंडला जातात, गोव्यालाही. कुंकळ्ळीत पॉल जॉन कंपनीची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली जवाची व्हिस्की, मुख्यतः बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. तिथल्या उकाड्यात देवदूतांची तहान मोठी, 23 वर्षं थांबायची सोयच नाही.