झाडांचं पुस्तक झाडाखालीच वाचा

चैत्र लागलाय आणि पुण्यातल्या या रस्त्यावर जे भिरभिरत खाली येतंय ना, तो कचरा नाही, वावळ्याच्या बिया आहेत. एक उचलून बघा, मधोमध चपटी बी आणि भोवती पातळ, कागदी पंख. पलीकडे पिंपळाची जुनी पानं अजून गळतायत तोवर नवी तांबूस पालवी आलीसुद्धा. पानगळ आणि वसंत आपल्याकडे असे हातात हात घालून येतात, म्हणून परदेशी बागकामाच्या पुस्तकातलं कॅलेंडर इथे चालतच नाही, आपल्या मातीतलंच पुस्तक हवं.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. त्यात एकेका मराठी महिन्यावर लेख आहे, तेव्हा सगळं एका बैठकीत संपवू नका, चैत्रात चैत्र वाचा, वैशाखात वैशाख आणि मग बाहेर पडून बघा. अगदी शास्त्रीय माहिती हवी असेल तर थिओडोर कुक. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे हे प्रिन्सिपल, १९०१ ते १९०८ मध्ये त्यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि त्यात झाड कधी फुलतं तेही आहे आणि स्थानिक नावंही. रुक्ष वाटतो खरा, पण झाडाखाली उभं राहून पडताळून बघायला लागलात की सोडवत नाही.

आता हा बहावा. लांबून नुसतं पिवळं झुंबर दिसतं, पण फूल जवळ घेऊन बघा, दहा पुंकेसर आणि त्यातले तीन चांगलेच लांब, वर वळलेले. भुंगा येऊन फुलाला लोंबकळतो, पंखांचे स्नायू थरथरवतो आणि पराग झटकून घेतो. त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा अजून लटकतायत. बी लावायची असेल तर तिचं कवच फार टणक असतं, पॉलिश पेपरवर जरा घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि पाऊस सुरू झाला की पेरा. याच सुमारास, महाराष्ट्र दिनाच्या आसपास, आपलं राज्यफूल ताम्हण जांभळं होऊन उभं असतं आणि निम्मे लोक मान वर न करताच खालून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पावसाळा म्हणजे फांद्या लावायचे दिवस, जास्वंद, अनंत, जे मिळेल ते लावा. पाऊस सरला की सातवीण फुलते, तिचा उग्र वास काहींना सोसत नाही, मला आवडतो. मग बुचाच्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सकाळी सडा पडतो.

आणि थंडी सरता सरता मोगऱ्याकडे वळायचं. त्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांवर, म्हणून जीव कितीही खालीवर झाला तरी कात्री चालवायची, उरलेली पानं काढायची, थोडे दिवस पाणी कमी करायचं आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचं.