कॉलरच्या टी-शर्टाचं खळग्याखळग्यांचं कापड

नमस्कार मंडळी. आज आपलं बोलणं कापडावर. पैठणी नाही की इरकल नाही, साधा कॉलरचा टी-शर्ट, गणपती मंडळाचा असतो, पतसंस्थेच्या स्टाफचा असतो, शाळेत शनिवारी पीटीला घालतात तो, त्याचं कापड. आत्ता कुणाच्या अंगात असेल तर जरा चिमटीत धरून बघा. गुळगुळीत लागतंय का? नाही ना, बारीक बारीक खळगे लागतील, मधमाशीच्या पोळ्याला असतात तसले. लोकांना वाटतं ही नक्षी वरनं दाबून उठवलीय. तसं काही नाही, ते खळगे विणतानाच पडतात, आणि टी-शर्ट गार का लागतो, महाग का पडतो, छपाई नीट का येत नाही ह्या सगळ्याचं उत्तर त्यांच्यातच आहे.

माझा धंदा युनिफॉर्म शिवून द्यायचा. श्रावण लागायच्या आधीच मंडळांची पोरं यायला लागतात आणि हल्ली त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, जीएसएम किती?" त्या जीएसएमवर मी येणारच आहे, पण आधी विणीवर बोलू, नाहीतर तो आकडा ऐकून करायचं काय.

आपला सांगलीचा मुलूख मागाचा. विट्याला माग, माधवनगरला एके काळी कॉटन मिल, आणि पलीकडं इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून तिथला खडखडाट चालूच आहे. त्यामुळं कापड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं येतो उभा धागा आणि आडवा धागा. टी-शर्टाच्या कापडाचा मागाशी काही संबंध नाही ओ. ही होजियरी. आजी स्वेटर विणायची तसे टाक्यात टाके अडकवत गोल मशीनवर विणलेली, फक्त सुया दोन नसतात, 30 इंच व्यासाच्या, 24 गेजच्या, म्हणजे इंचाला 24 सुयांच्या मशीनला साधारण 2260 सुया गोल उभ्या असतात आणि खालनं कापड पोत्यासारखं नळीच्या आकारात उतरत जातं. बहुतेक माल तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो, आपल्याकडं येईस्तोवर त्याचा ताका नाहीतर तयार पीस झालेला असतो.

आता नीट ऐका, कारण गंमत इथं आहे. त्या मशीनमधल्या प्रत्येक सुईला वर एक हूक असतो आणि हुकाखाली उघडझाप करणारी छोटी जीभ. सुई पूर्ण वर गेली की जुना टाका जिभेच्या खाली सरकतो, हुकात नवा धागा येतो, आणि सुई खाली येताना जुना टाका तिच्यावरनं निसटून जातो, झाला एक टाका पुरा. ह्याला धंद्यात निट म्हणतात. पण सुई अर्ध्यातच थांबवली तर? जुना टाका जिभेवरच बसून राहतो, त्याला निसटायला वाटच नाही, आणि नवा धागा पण येऊन हुकात बसतो. एका सुईवर दोघं. पुढच्या फेरीला सुई पूर्ण वर गेली की मग दोघं एकदमच सुटतात. ह्या अडवून ठेवलेल्या टाक्याला टक म्हणायचं. बास, पोलो म्हणजे ह्या कॉलरच्या टी-शर्टाच्या कापडाचं सगळं गुपित ह्या टकमध्ये आहे.

सगळ्या सुयांनी सगळ्या फेऱ्यांना निटच घातलं तर साधं गुळगुळीत कापड पडतं, गोल गळ्याच्या टी-शर्टाचं, बाजारात त्याला सिंकर म्हणतात. आणि एका फेरीला सगळ्या निट, दुसरीला एक सोडून एक सुई टक, तिसरीला परत सगळ्या निट, चौथीला मघाशी ज्या टक नव्हत्या त्या टक, असं आलटून पालटून केलं की झालं सिंगल लॅकोस्ट. टक एकाच सुईवर सलग दोन फेऱ्या धरली की डबल लॅकोस्ट, त्याचा खळगा मोठा आणि खोल. ह्या सगळ्या खानदानाला पिके म्हणतात, आणि आपल्याकडचा होलसेलवाला सरळ मॅटी म्हणून मोकळा होतो.

टकचा टाका शेजारच्या टाक्यांना बाजूला रेटतो. म्हणून कापड रुंदीला पसरतं, लांबीला आखडतं, जाड होतं, आणि मधे मधे बारीक वाटा मोकळ्या राहतात, त्यातनं हवा खेळते. एप्रिल-मेमध्ये दुपारी विश्रामबागेतनं मिरजेपर्यंत गाडीवर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आणखी एक, खळगे उलट्या बाजूला जास्त उठून दिसतात म्हणून बहुतेक शिवताना ती उलटी बाजूच बाहेर घेतात. म्हणजे आपण सगळे रोज उलटं कापड घालून मिरवतोय, आणि ते बरोबरच आहे.

आणि हे लॅकोस्ट नाव कुठलं, तर रने लाकोस्त नावाचा फ्रेंच टेनिसपटू. त्या काळात टेनिस खेळायचं म्हणजे लांब बाह्यांचा मागावरचा शर्ट, कडक कॉलर, बाह्या दुमडायच्या आणि घामानं भिजत पळायचं. ह्या गड्यानं 1926 साली अमेरिकेच्या चॅम्पियनशिपला अर्ध्या बाह्यांचा, विणलेल्या पिके कापडाचा, मऊ कॉलरचा शर्ट घातला, आणि जिंकला पण. पुढं 1933 साली आंद्रे जिलिये नावाच्या होजियरी कारखानदाराबरोबर तो शर्ट विकायलाच काढला, छातीवर मगर लावून, कारण त्याचं टोपणनावच मगर पडलं होतं. त्या शर्टाचा नंबर एल.12.12. एल म्हणजे लाकोस्त, 1 म्हणजे हे पिके कापड, 2 म्हणजे अर्ध्या बाह्या आणि 12 म्हणजे बारावा नमुना पसंत पडला तो. म्हणजे बघा, नंबरात सुद्धा कापडाला बाह्यांच्या आधीचा मान. पोलो हे नाव मात्र घोड्यावरच्या खेळाचं, आणि तो खेळ इंग्रजांनी आपल्याच मणिपूरच्या लोकांकडनं उचलला. काही भारीच्या टी-शर्टांना मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब असते, ती टेनिस खेळताना वाकलं तरी शर्ट पँटमधनं सुटू नये म्हणून. गिऱ्हाईक ते बघून म्हणतं, "मालक, कटिंग चुकलंय". मी आता समजावणं सोडलंय.

आता जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. पोलोला साधारण 180 ते 240 चालतं. होजियरी कापड मीटरवर नाही, किलोवर विकतात, त्यामुळं 180 चं एक किलो घेतलं तर साडेपाच चौरस मीटर भरतं आणि 220 चं घेतलं तर साडेचार, म्हणजे किलोमागं जवळपास एका टी-शर्टाचा फरक. भाव कशानं पडतो ते ह्यात कळतं, आणि कुणी 180 चं 220 म्हणून खपवलं तर फायदा कुणाचा हेही कळतं. खात्री करायची असेल तर सॅम्पलच्या कापडातनं 10 बाय 10 सेंटीमीटरचा चौकोन बरोबर कापून घ्या आणि सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर टाका, 2.2 ग्रॅम भरलं तर 220. सोनार हसेल, हसू दे.

पण मंडळी, जीएसएम म्हणजे फक्त वजन. जाडाभरडा कार्डेड धागा वापरून पण 220 होतं, कोम्ब्ड म्हणजे विंचरून साफ केलेल्या बारीक धाग्यानं दाट विणून पण 220 होतं, आणि स्पन मॅटी म्हणजे निव्वळ पॉलिएस्टर, त्याचं पण 220 होतंच की. पोराला घातल्यावर तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून जीएसएमच्या आधी धागा कसला ते विचारा. कॉटन का पीसी, पीसी म्हणजे पॉलिएस्टर-कॉटन मिक्स. पीसी वाईट नाही बरं का, रोज धुवायच्या युनिफॉर्मला मी स्वतः तेच सुचवतो, लवकर वाळतं, आटत कमी, फक्त काही महिन्यांनी काखेत आणि पोटावर बारीक गोळ्या धरतात. शंका आली तर धागा जाळून बघा, कॉटन कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. फक्त धागा कापडातला ओढा, शिलाईचा नको, शिलाईचा धागा बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो आणि चांगल्या कॉटनवर उगाच आळ यायचा.

मंडळाच्या पोरांना एक सांगतो. खळग्यांच्या कापडावर स्क्रीन प्रिंटची बारीक अक्षरं तुटतात, शाई खळग्यात नीट उतरत नाही, त्यामुळं पाठीवर आख्खी कार्यकारिणी छापायची असेल तर गोल गळ्याचं सिंकर घ्या आणि पोलो घ्यायचा असेल तर छातीवर छोटी एम्ब्रॉयडरी करा, ती उठून पण दिसते. सब्लिमेशनचा, म्हणजे कागदावरनं उष्णतेनं कापडात उतरवायच्या छपाईचा रंग पॉलिएस्टरवरच धरतो, कॉटनवर करून मागू नका.

धुण्याचं थोडक्यात, उलटा करून धुवा, ओला असताना हँगरला अडकवू नका, पाण्याच्या वजनानं लांब होतो, दोरीवर मधोमध दुमडून टाका.

राहिली कॉलर. ती टी-शर्टाच्या कापडातनं कापत नाहीत, वेगळ्या सपाट मशीनवर पट्टी विणून येते आणि मग जोडतात. दोन्ही कापडं वेगवेगळी आटली की कॉलरला लाटा येतात आणि इस्त्रीवाल्याचा बाप आला तरी बसत नाहीत. तेव्हा मोठी ऑर्डर द्यायच्या आधी एक पीस घ्या, दोन-तीनदा धुवा, आणि टेबलावर पसरून कॉलर बघा. दुकानदार सॅम्पल धुवायला देत नसेल तर हरभट रोडवर दुकानं काय कमी आहेत का. नमस्कार.