घाम वाळत नाही तेव्हा

मंडळी, उन्हाळ्यातल्या सायकलिंगबद्दल जे सल्ले आपल्या कानावर पडतात, त्यातले बरेचसे कोरड्या हवेतले आहेत. भरपूर पाणी प्या, अंग ओलं ठेवा, झालं. नागपूर-सोलापूरकडे ते बऱ्यापैकी लागू पडतात. तेवढ्या भरवशावर मे महिन्यात गोव्याच्या दमट हवेत म्हापशाहून फोंड्याला निघालात तर बाटल्या रिकाम्या होतात, जर्सी पिळून काढावी इतकी भिजते आणि अंग तरीही तापलेलंच राहतं.

याचं कारण हिशेबात सापडतं. पेडलवर 150 वॉटचा जोर लावणारा माणूस, म्हणजे सपाटीवर बरा वेग धरणारा, शरीरात साधारण 500 वॉट उष्णता तयार करत असतो. स्नायूंची कार्यक्षमता बावीस-तेवीस टक्केच. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होते. एक लिटर घाम वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लिटर घाम वाळला तरी काम भागावं. मेख आहे ती ‘वाळला’ या शब्दात. हनुवटीवरून टपकून सायकलच्या आडव्या दांड्यावर पडलेला थेंब जवळजवळ काहीच थंडावा देत नाही, शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. गोव्यात दीड लिटर गाळून अर्धाच वाळणं नवलाचं नाही.

म्हणून मोबाइलवर हवामान पाहताना तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या टक्क्यांच्या आधी दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा. सकाळी सहाला 26 अंश आणि 90 टक्के, दुपारी दोनला 34 अंश आणि 60 टक्के, हे आकडे पाहून सकाळ जास्त दमट वाटते. प्रत्यक्षात दोन्ही वेळी दवबिंदू 24-25च्या आसपास, म्हणजे हवेत बाष्प जवळपास तेवढंच. घाम वाळण्याची सोय सारखीच वाईट. पण सकाळी हवा त्वचेपेक्षा नऊ-दहा अंशांनी थंड असते आणि डोक्यावर ऊन नसतं. एवढ्यासाठीच साडेपाचला निघायचं. दवबिंदू 24च्या वर असेल त्या दिवशी वेगाचे विक्रम करायला जाऊ नये.

आता हातात काय उरतं? उष्णता कमी तयार करणं. हे कोणाला आवडत नाही, बाटलीत काय घालायचं ते सगळे विचारतात. पण 150 वॉटचे 120 केलेत की तयार होणारी उष्णता शंभर वॉटनी उतरते, आणि तेवढं काम कुठलीच बाटली करत नाही. हृदयगतीचा पट्टा असेल तर वेगाऐवजी ठोके धरून चालवा: जोर तोच ठेवला तरी उन्हात तासाभरात ठोके दहा-पंधरांनी चढतात, तेव्हा जोर कमी करायचा. केरीहून चोर्ला घाटाच्या चढाला लागलात की हे फार जपावं लागतं. सपाटीवर ताशी 25 किलोमीटरला मिळणारा वारा चढावर ताशी 8ला मिळत नाही आणि जोर तर वाढलेला असतो. मागच्या मोठ्या चकतीवर, म्हणजे हलक्या गिअरवर, आधीच या, जर्सीची चेन पूर्ण उघडा आणि सावलीच्या वळणांवर पाणी डोक्यावर ओता. ओतलेलं पाणी 28-30 अंशांचं असलं तरी त्वचेपेक्षा थंडच असतं. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना घामाच्या धारा लागतात त्याचंही कारण हेच, वारा थांबला. तिथं उन्हात ताटकळू नका, शेडमध्ये उभे राहा.

बर्फाचा उपयोग आहे, पण मोजून. निघण्यापूर्वी अर्ध्या तासात 400 ग्रॅम किसलेला बर्फ सरबतासकट खाल्लात तर तो तासाभराच्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा शोषतो. बाटली निम्मी भरून फ्रीझरमध्ये तिरकी ठेवा, सकाळी वरून सरबत ओता. उभी गोठवली तर बुडाशी जाड गोळा राहतो आणि तो सावकाश वितळतो. साधी बाटली पाऊण तासात कोमट होते, आणि कोमट पाणी माणूस कमी पितो. जुन्या मोज्यात बर्फ भरून मानेवर जर्सीच्या आत ठेवला तर बरं वाटतं. मात्र बरं वाटलं म्हणून वेग वाढवू नका, आतलं तापमान तितकं उतरलेलं नसतं.

किती प्यायचं हे वजनकाटा सांगतो. तासभर चालवण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घट म्हणजे एक लिटर घाम. मधे प्यायलेलं त्यात मिळवा, लघवी झाली असेल तर ती वजा करा. गेलेलं सगळं तिथल्या तिथं भरून काढायचा अट्टहास नको, तासाला 500 ते 800 मिलिलिटर बहुतेकांच्या पोटाला झेपतं. राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायला आहात. नुसतं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळतं. लोक त्याला ऊन लागणं समजून आणखी पाणी पाजतात, आणि प्रकरण झटक्यांपर्यंत जाऊ शकतं.

750 मिलिलिटरची बाटली घरी अशी भरा: साखर 40 ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, मीठ सपाट पाव छोटा चमचा, अंदाजे दीड ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस. यातून जवळपास 600 मिलिग्रॅम सोडियम मिळतं. लिंबाऐवजी कोकमाचा आगळ चालेल, पण तो खारवलेला असतो, तेव्हा वेगळं मीठ घालू नका. साखर आठ टक्क्यांच्या वर गेली की पोट ती लवकर पुढे ढकलत नाही आणि पाणी आत डुचमळत राहतं. शहाळं, म्हणजे आपलं आडसर, उत्तम. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, तेव्हा सोबत चिमूटभर मीठ हवं. ओआरएस हे इंधन नव्हे: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला फक्त 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. त्या नावानं विकली जाणारी गोड पेयं वेगळीच. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025मध्ये हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ छापायला मनाई केली.

खाण्याचं म्हणाल तर निघण्यापूर्वी दीड-दोन तास उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड. पाणी, पिष्ट आणि मीठ एकाच वाडग्यात येतं. वाटेतला भाजी-पाव परतीसाठी ठेवा. उन्हात रक्त त्वचेकडे वळतं, आतड्यांना कमी मिळतं, तेलकट खाणं तसंच पडून राहतं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पुरतात. मध्यम केळ्यात 25च्या आसपास असतात. घट्ट खाणं पहिल्या तासात, पुढे पातळच. मळमळलं तर गोड बंद, दहा मिनिटं हळू, साध्या पाण्याचे घोट. सोलकढी घरी पोचल्यावर: नारळाच्या दुधातली चरबी राइडमध्ये जड पडते. आणि हंगाम असला तरी उर्राक, म्हणजे काजूची दारू, संध्याकाळी, तेही आधी पाणी भरून काढल्यावर.

दिवसभर एसीत काम करणाऱ्यांना गोव्यात राहूनही उन्हाची सवय नसते. दोन आठवडे रोज तास-दीड तास सोसेल तितक्या उन्हात हळू चालवा. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ घटतं, रक्तद्रव वाढतो. महिनाभर सोडलंत की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी, गटातला कोणी असंबद्ध बोलू लागला, हँडल भरकटवू लागला, तर ‘दमलाय’ म्हणून सोडू नका. घाम सुटत असला तरी तो उष्माघात असू शकतो. 108ला फोन लावा आणि गाडी येण्याची वाट न पाहता लगेच थंड करायला घ्या. जवळच्या घराची टाकी, बागायतीतला पंप, नळाची पाइप, जे मिळेल ते. हेल्मेट-जर्सी काढून सर्वांगावर पाणी सोडत राहा आणि वारा घाला. टबात मानेपर्यंत बुडवता आलं तर सर्वांत चांगलं, फक्त डोकं धरून ठेवा. बर्फ असेल तर मान, काखा, जांघांत. शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलचा इथं उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. तो नीट उत्तरं देऊ लागला तरी त्याला सायकलवर बसवायचं नाही, दवाखान्यातच न्यायचं.