प्रोन्टोसिल: कापडावरून औषधाच्या कपाटात

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ॲझो रंग. कापड, कातडं, शाई यांत वापरले जाणारे कृत्रिम रंग मोजायला बसलात, तर निम्म्याहून अधिक या एकाच कुळातले निघतील. पिवळे, नारिंगी, लाल तर विशेष करून.

रसायन थोडक्यात सांगतो. दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधानं एकमेकांना धरून असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बेंझिनसारखी कडी. हा झाला ॲझो जोड. एखादं अमाइन, म्हणजे अमोनियापासून बनलेलं नायट्रोजनयुक्त संयुग, घ्यायचं, बर्फात गार ठेवून त्यात आम्ल आणि सोडियम नायट्राइट घालायचं आणि तयार झालेला द्राव दुसऱ्या योग्य संयुगात ओतायचा. रंग डोळ्यांदेखत उमटतो. या सगळ्याची सुरुवात पीटर ग्रीस यांनी 1858 मध्ये करून दिली. रंग दिसायला पक्का, पण जोड तुटू शकतो. एवढं ध्यानात ठेवा: ॲझो जोड तुटतो.

आता माझी आवडती गोष्ट. जर्मनीतलं एल्बरफेल्ड, बायर या रंग आणि औषधं बनवणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा. तिथे गेरहार्ड डोमाक नावाचे डॉक्टर. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली होती. शस्त्रक्रिया उत्तम होते आणि माणूस मरतो तो जखम चिघळून, हे त्यांनी पाहिलेलं. योसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिच हे दोन रसायनज्ञ रंगामागून रंग बनवून द्यायचे आणि डोमाक ते जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना देऊन बघायचे. पदरी निराशा. मग 1932 मध्ये एका लाल ॲझो रंगाची पाळी आली. स्ट्रेप्टोकॉकस टोचलेल्या उंदरांपैकी ज्यांना तो रंग दिला ते जगले, ज्यांना दिला नाही ते मेले. गंमत अशी, की परीक्षानळीत त्याच जंतूंवर हा रंग काहीच करत नव्हता! नळीत नापास, उंदरात पास.

पेटंटचा अर्ज गेला 25 डिसेंबर 1932 ला, ऐन नाताळात. आणि शोध जगापुढे आला कधी? फेब्रुवारी 1935 मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ! कंपन्यांची ही झाकपाक मला कधीच पटलेली नाही. याच स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे होणाऱ्या बाळंतरोगानं बायका मरत होत्या त्या काळात.

खुद्द डोमाक यांच्या घरीच बाका प्रसंग आला. त्यांची लहानगी मुलगी, हिल्डेगार्ड, जिन्यात पडली आणि हातातली सुई तळहातात घुसून मोडली. सुई काढली, पण हात सुजला, विष वर चढू लागलं. हात कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा बापानं प्रयोगशाळेतला तो लाल रंग, प्रोन्टोसिल, मुलीला दिला. ताप उतरला. मुलगी वाचली, हातही वाचला.

पण नळीत का नाही? उत्तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1935 मध्येच सापडलं. शरीरात प्रोन्टोसिलचा ॲझो जोड तुटतो आणि सल्फानिलमाइड बाहेर पडतं. जंतूंशी लढतं ते हेच. नळीत जोड तोडायला कुणी नव्हतं, म्हणून रंग तिथे नुसता रंगच राहिला. आणि हे सल्फानिलमाइड पॉल गेल्मो यांनी 1908 मध्येच बनवलेलं. त्याचं पेटंट केव्हाच संपलेलं. ते आता कुणीही बनवू शकत होतं. बायरच्या पेटंटात फारसा दम उरला नाही.

डोमाक यांना 1939 चं नोबेल जाहीर झालं. हिटलरनं जर्मनांना नोबेल घ्यायला बंदी केली होती. गेस्टापोनं, म्हणजे त्याच्या गुप्त पोलिसांनी, डोमाक यांना अटक केली आणि पारितोषिक नाकारायला लावलं. पदक मिळालं 1947 मध्ये, पैसे नाहीतच. रेणू ज्यांनी घडवला त्या क्लारर आणि मिच यांना मात्र पदकही नाही. रंग बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. असो.

आता धोका. जोड तोच आणि तुटतोही तसाच. बाहेर काय पडतं ते बघायचं. काँगो रेडसारख्या रंगांतून बेंझिडीन नावाचं अमाइन सुटतं आणि त्यानं मूत्राशयाचा कर्करोग होतो. झळ बसली ती मुख्यतः असे रंग बनवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या कामगारांना. म्हणूनच युरोपीय संघानं 2002 मध्ये अंगाला लागणाऱ्या कापडा-कातड्यात अशी अमाइनं सोडणाऱ्या ॲझो रंगांना मनाई केली. मर्यादा एका किलोमागे 30 मिलिग्रॅमची. म्हणजे सरसकट सगळे ॲझो रंग वाईट, असं नाही. पुन्हा सांगतो, जोड तुटल्यावर काय बाहेर पडतं, ते बघायचं.

आजही डॉक्टर संधिवातासाठी आणि मोठ्या आतड्याच्या दाहासाठी सल्फासलाझिन देतात. त्यातही ॲझो जोडच आहे. तो मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात आणि औषध तिथेच मोकळं होतं. गोळी सुरू असताना लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, रंगाचाच गुण तो. अंगावर पुरळ उठलं, घसा दुखून ताप आला, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा. नमस्कार.