परराज्यात कामाला जाताय? नाशिकमधूनच काय काय उरकून जायचं

नमस्कार. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं जायचं नक्की झालंय, कुणी गुजरातेत साणंदला, कुणी तामिळनाडूत होसूरला, एकदोघं पार उत्तराखंडात पंतनगरला, आणि घरात सध्या बॅग कुठली घ्यायची, चिवडा-लाडू किती द्यायचे आणि गाडी मनमाडवरून धरायची की नाशिकरोडवरून हेच चालू असणार. ते घरचे बघतील. मी इथं अंबडच्या एमआयडीसीत पेरोलचं काम करत आले, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, हे माझं रोजचं, त्यामुळे मी त्याच अंगाने बोलणार. तुमच्या नावावर जे जे आहे त्यातलं काही राज्याची हद्द ओलांडून तुमच्यासोबत येतं आणि काही इथंच राहतं, आणि कुठलं काय हे निघायच्या आधी कळलं पाहिजे, कारण सापुतारा उतरून गेल्यावर एका सहीसाठी परत यायचं म्हणजे सुट्टी, भाडं आणि वर पगार कट.

सगळ्यात आधी नाव. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर कुणाच्या वडिलांचं नाव गळालेलं, बँकेत स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, आणि पीएफला पहिल्या कंपनीने घाईत टाकलं ते तिसरंच. इथं असताना हे खपून जातं, एचआरवाला ओळखीचा असतो, तो फोन करून विचारतो. तिकडे सिस्टीमला मिसमॅच दिसला की तुमची फाईल बाजूला, पगार अडकला तरी कुणाला पडलेली नसते. तामिळनाडूत तर आडनावाची पद्धतच फारशी नाही, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, तिथला क्लार्क आपलं लांबलचक नाव बघून त्याच्या सवयीने इनिशियल करून टाकू शकतो. म्हणून जॉइनिंग फॉर्म भरताना तिथंच उभं राहायचं आणि आधारवर आहे तस्सं टाइप करून घ्यायचं, लाजायचं नाही. आणि आधारला लिंक असलेला मोबाईल नंबर काही झालं तरी बंद करू नका. नवीन सिम घ्या की दुसरं, पण पीएफ, बँक, डिजिलॉकर सगळ्यांचे ओटीपी त्या जुन्या नंबरवरच येतात.

आता पीएफ. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, आयुष्यभर एकच. नवी कंपनी विचारते आधी पीएफ होता का, आणि पोरं कंटाळून नाही म्हणतात, मग नवीन खातं निघतं आणि जुनं तसंच पडून राहतं. असं करू नका. इथली नोकरी सोडताना जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर तुमची सोडल्याची तारीख टाकली का ते स्वतः लॉगिन करून बघा, ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो. कंपनीने टाकलीच नाही तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर 2 महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःलाही टाकता येते, हे फार कमी जणांना माहिती आहे. आणि कृपा करून नोकरी बदलली की पीएफ काढून मोकळं होऊ नका. मालक पगाराच्या 12 टक्के भरतो, त्यातले 8.33 टक्के पेन्शनला जातात आणि पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते, ती सातपूरची, साणंदची, होसूरची सगळी मिळून धरली जाते पण तुम्ही मधे पेन्शनचे पैसे काढून घेतले नाहीत तरच. तिशीच्या आत हे कुणाला महत्त्वाचं वाटत नाही हे मला कळतं, पण मी साठीतली माणसं बघितली आहेत ज्यांची सेवा थोडक्यात कमी पडली, म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

मग ऑफर लेटर. ते कुणाच्या लेटरहेडवर आहे ते आधी वाचा, गेटवर बोर्ड मोठ्या कंपनीचा असतो आणि कागद ठेकेदाराचा असतो. अप्रेंटिस म्हणून घेतलंय का कामगार म्हणून तेही बघा, अप्रेंटिसला स्टायपेंड असतो, पीएफ-ईएसआय नाही. शिकायला अप्रेंटिसशिप चांगलीच आहे, मी विरोधात नाही, फक्त आपण काय म्हणून जातोय हे माहिती असावं. आणि कागदावरचा आकडा म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. समजा साणंदला महिन्याला 24,000 सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, सांगितलीय आणि बेसिक-डीए म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 आहे. त्यात कंपनीचा पीएफ 1,800 धरलेला असतो, ग्रॅच्युइटीचे सातशेवीसएक धरलेले असतात, म्हणजे ग्रॉस, तुमच्या कपातीच्या आधीचा पगार, आला साडेएकवीस हजारांच्या जरा आत. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात साडेएकोणीस हजारांच्या आसपास. त्यातून रूमभाडं, मेस, घरी पाठवायचे. इथं तुम्ही 18,000 ग्रॉसवर आईच्या हातचं जेवून राहत असाल तर दोन्ही हिशोब कागदावर मांडा आणि आईवडिलांसमोर मांडा.

अजून एक गोष्ट या हिशोबात लपलेली आहे. ईएसआयची पगाराची मर्यादा 21,000 आहे. इथं 18,000 असताना तुम्ही ईएसआयमध्ये आहात आणि तुमच्यावर अवलंबून असलेले, फारसं उत्पन्न नसलेले आईवडील सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला दाखवू शकतात. तिकडे ईएसआयसाठी धरला जाणारा पगार 21,000 च्या वर गेला की तुम्ही त्यातून बाहेर, आणि वडिलांचं ऑपरेशन निघालं तर ते कुठून करायचं? म्हणून मुलाखतीत विचारा की मेडिक्लेम आहे का, त्यात आईवडील आहेत का. तो पगार मर्यादेतच राहिला तर मात्र ईएसआयचा नंबर सगळ्या देशात चालतो आणि घरचे नाशिकलाच असतील तर त्यांचा दवाखाना इथला ठेवता येतो, तसं नोंदवून घ्या.

रेशनचंही तसंच आहे. वन नेशन वन रेशन कार्डची सुरुवातच 2019 च्या ऑगस्टमध्ये झाली तेव्हा महाराष्ट्र-गुजरात ही पहिल्या जोड्यांमधली एक होती. केंद्राच्या योजनेतलं कार्ड असेल तर तुमच्या वाट्याचं धान्य तुम्ही तिकडे अंगठा देऊन उचलू शकता, बाकीचं घरचे इथं उचलतील. ई-केवायसी तेवढी करून जा.

आता इथंच राहणाऱ्या गोष्टी. जातीचा दाखला आणि त्याची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. आपल्या राज्यातल्या यादीवरून दुसऱ्या राज्याच्या सरकारी नोकरीत आरक्षण मिळत नाही, पण परत येऊन इथं परीक्षा द्यायची असेल तर हे कागद लागणारच, आणि ते होसूरला बसून निघत नाहीत. डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, पण आत्ताच काढा. इलेक्ट्रिशियन-वायरमनवाल्यांनो, आयटीआयचं एनसीव्हीटी सर्टिफिकेट देशभर चालतं, पण वायरमनचा परवाना राज्याचा असतो, तो तिकडे आपोआप लागू होत नाही, तिकडच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारा. गाडी नेणार असाल तर एमएच-15 वर 12 महिन्यांपर्यंत ठीक, त्यापुढे तिकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला इथल्या आरटीओची एनओसी लागते. लायसन्स सगळीकडे चालतं. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवा, हलवायचं असेल तर फॉर्म 8 भरा.

ओरिजिनल मार्कशीट कुणाच्याही हातात ठेवायची नाही. ठेकेदार म्हणेल जमा करा, हॉस्टेलवाला म्हणेल जमा करा, तुम्ही झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. नोकरी लावायला आधी पैसे मागणाऱ्या माणसाला तर दारातूनच परत पाठवा. भाड्याच्या रूमचा करार लेखी करा, आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर होतो तसं बऱ्याच राज्यांत होत नाही, 11 महिन्यांचा स्टॅम्प पेपर असतो, पण तोही हवाच, आणि डिपॉझिट रोख न देता खात्यावर टाका म्हणजे पुरावा राहतो.

मुलींशी थोडं जास्त बोलते, कारण इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनवर आता मुलीच जास्त घेतात आणि घरून परवानगी मिळवायची लढाई त्यांना वेगळी करावी लागते. घरच्यांना नुसतं काळजी करू नका म्हणून चालत नाही. कंपनीला फोन करून विचारा की हॉस्टेल कंपनीचं आहे की बाहेरचं, एका खोलीत किती जणी, रात्रपाळी संपल्यावर बस थेट हॉस्टेलच्या दारात सोडते की नाक्यावर, वॉर्डन बाई आहे का, आणि तिचा नंबर जायच्या आधीच आईच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. 2025 च्या नोव्हेंबरपासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात बाईला रात्रपाळीला घ्यायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर आहे. अपॉइंटमेंट लेटर देणंही सक्तीचं आहे, ते मुलगा-मुलगी सगळ्यांनाच. तेव्हा मागताना आपण उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

भाषेचं म्हणाल तर गुजरातेत हिंदीवर निभतं आणि गुजराती अक्षरं आपल्याला आठवडाभरात लागतात. होसूरला तमिळ, तेलुगू, कन्नड तिन्ही ऐकू येतं, तिथं निदान आकडे, भाव विचारणं आणि बसवरचं गावाचं नाव ओळखणं इतकं तरी पहिल्या महिन्यात शिका, सुपरवायझरशी वागणूकच बदलते.

दिवाळीचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होते, तेव्हा जॉइन झाल्या झाल्या सुट्टीची तारीख सुपरवायझरला सांगून ठेवा.

बरं, आता फोन काढा आणि पीएफचं पासबुक उघडा. ज्यांच्या नावात किंवा जन्मतारखेत फरक दिसतोय त्यांनी आधार घेऊन इकडे पुढच्या टेबलाशी या, दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे जॉइंट डिक्लरेशन, कसं भरायचं ते दाखवते, आज भरून टाकू.