फळीवरचं कोण नेणार?

हे घर सोलापूरच्या साखर पेठेतलं. मातीचं माळवद, खाली लाकडी तुळया, पुढे पत्र्याची पडवी, आणि आत पाय ठेवला की डोक्याच्या वर चारी भिंतींना लागून फळी. फळीवर पितळी डबे, त्यावर स्टीलचे डबे, त्यावर पालथे घातलेले हंडे, आणि हंड्यांच्या मागे काय आहे ते घरातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. घर आता पाडायचंय, मंडळी जुळे सोलापूर भागात फ्लॅटमध्ये चाललीत, आणि फ्लॅटला ना माळा आहे ना फळी. म्हणजे दोन पिढ्यांचं सामान खाली उतरवायचं, आणि त्यातलं निम्मं तरी कुणाला तरी द्यायचं.

घरात सगळ्यात मोठ्या अव्वा. अख्खी गल्ली त्यांना अव्वाच म्हणते. खाटेवर बसून त्या एकेक वस्तू उतरताना बघतात, आणि दर दोन वस्तूंमागे एकदा म्हणतात, "कशाला टाकायलात रे, लागतंय की कवातरी."

हे "लागतंय की" चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. अव्वांचे यजमान गिरणीत होते. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ ला सुरू झाली, तिला आजही जुनी मिलच म्हणतात, मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली, आणि पुढे एकेक करत सगळ्यांचे भोंगे बंद झाले. ज्या घरात पगाराची तारीख एकदा गेली ती परत आलीच नाही, त्या घरात तुटक्या छत्रीची काडीसुद्धा जपून ठेवतात, कारण लागेल तेव्हा विकत आणायला पैसे असतीलच असं नाही. तेव्हा अशा माणसाला "अव्वा, फेकून द्या" म्हणण्यात काही अर्थ नाही. पण आम्ही तिथं होतो तेवढ्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली. वस्तू कुणाकडे जाणार ते कळलं की अव्वांची मूठ सैल होते. नुसतं "काढून टाकू" म्हटलं की घट्ट.

मोबाईलवर पसारा आवरायचे व्हिडिओ ढिगाने आहेत, वर्षभर वापरलं नाही ते घराबाहेर, एक आणलं की एक काढा वगैरे. सोलापुरात हा नियम पाण्याच्या ड्रमपाशीच अडकतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मधेच पाइपलाइन फुटली की अजून उशीर, उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी. त्यामुळे घागरी, कळशा, निळे ड्रम, झाकणाचे बॅरल हे पसाऱ्यात धरायचंच नाही. धाकट्या सुनेनं सगळे ड्रम काढायचं ठरवलं होतं, थोरल्या सुनेनं एवढंच विचारलं की टँकर आला तर कशात भरणार, विषय संपला. दोन तडकलेले तेवढे भंगारात गेले, बाकीचे टेम्पोत चढणार आहेत.

आता चादरी. ट्रंका उघडल्या आणि सव्वीस चादरी निघाल्या, घरात माणसं सहा. सोलापुरात हे जवळपास प्रत्येक घरी आहे, कारण कुणी ना कुणी मागावर असतंच, दिवाळीला कारखान्यातून मिळते, लग्नात मिळते, सत्काराला मिळते. जेकार्ड मागावरची सुती चादर, दोन्ही बाजूंनी नक्षी, धुऊन धुऊन मऊ होते पण विरत नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि ज्या गुणासाठी आहे तोच गुण इथं आडवा येतो, कारण जी वस्तू खराबच होत नाही ती टाकणार कशी?

थोरल्या मुलानं तीन ढीग केले. कोऱ्या चादरी लग्नाकार्यासाठी, पण सहाच, त्याच्या वर नाही. चांगल्या पण वापरलेल्या धुऊन सिव्हिलला. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला धाराशिवकडनं, कलबुर्गीकडनं, विजापूरकडनं पेशंट येतात, आणि पेशंटबरोबर आलेली माणसं रात्री व्हरांड्यात नाहीतर बाहेर फरशीवर झोपतात, डिसेंबर-जानेवारीत तिथं एक चादर म्हणजे काय ते त्या फरशीवर एक रात्र काढलेल्यालाच विचारा. फक्त धुऊन द्या, आणि आधी वॉर्डातल्या सिस्टरला विचारून द्या. अगदी विरलेल्या असतील त्या रस्त्यावरची कुत्री सांभाळणाऱ्या पोरांना, त्यांना कितीही मिळाल्या तरी कमीच पडतात. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरातनं जाते तेव्हा बरेच लोक वारकऱ्यांना चादरी वाटतात. भावना चांगली आहे, पण ती चादर त्या माणसाला पुढे पंढरपूरपर्यंत पाठीवर वाहावी लागते. त्यांना टॉवेल द्या, हलका असतो, लगेच वाळतो.

टॉवेलवरनं आहेर आठवला. एका पिशवीत नुसत्या टोप्या, टॉवेल, ब्लाउज पीस. यातला एक ब्लाउज पीस थोरल्या सुनेनं ओळखला, तिनंच चुलत नणंदेच्या ओटीत घातला होता, तो कुठनं कुठनं फिरून परत याच घरात आलेला. हे कापड कुणी शिवत नाही, कुणी नेसत नाही, नुसतं घरोघर हिंडतं आणि प्रत्येक घरात जागा अडवतं. मनापासून वाटतं की पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापायचं, आणि छापलं की पाळायचं पण. दारातनं आत येणारंच कमी झालं नाही तर माळे कितीही रिकामे करा, परत भरणार.

भांड्यांचं प्रकरण जरा अवघड. हे ताट बघा, जवळून. कडेला मशीननं कोरलेली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, मामाचं नाव, गाव, लग्नाची तारीख, सप्रेम भेट. मामा आता नाहीत. सूनबाई ताट ढिगात ठेवतात, अव्वा उचलून परत मांडीवर घेतात, असं बराच वेळ चाललं होतं. शेवटी नातवानं मार्ग काढला. गल्लीतल्या गणपती मंडळाला महाप्रसादाला दरवर्षी ताटं भाड्यानं आणावी लागतात, तो म्हणाला आपली सगळी नावाची ताटं मंडळाला देऊ, माणसं जेवतील, नावं पण राहतील. अव्वांनी मांडीवरचं ताट स्वतः पुसून त्या चवडीवर ठेवलं आणि वर विचारलं, "वाट्या नकोत का त्यास्नी?"

तांब्याचा बंब मात्र मोडीत गेला. फ्लॅटमध्ये त्याला जागा नाही, धूर काढायला वाट नाही, आणि कोपऱ्यात शोभेला ठेवायचा म्हटलं तर दर आठवड्याला चिंचेनं घासणार कोण. तांबं-पितळ मोडीत देण्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, ते वितळतं आणि परत कुणाच्या तरी घरी भांडं होऊन जातं. फक्त दोन ठिकाणी भाव विचारा, आणि वजन आपल्या डोळ्यांदेखत काट्यावर होऊ द्या.

साड्यांना दोन गिऱ्हाइकं आहेत, आणि दोघांत फरक आहे. बोहारीण आली की नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या, पँटी, शर्ट असं सगळं बघते, उजेडात धरते, चेन ओढून बघते, विरलं असेल तर बाजूला टाकते, आणि मग पातेल्यावरनं घासाघीस. लोक म्हणतात साड्या घेऊन एवढंसं पातेलं दिलं, पण तिला ते कपडे घरी नेऊन धुवायचेत, शिवायचेत, जुन्या बाजारात विकायचेत, आपल्या कपाटात सडणारं कापड ती कुणाच्या तरी अंगावर घालते, तेव्हा एका वाटीसाठी तिच्याशी तासभर भांडू नये असं मला वाटतं.

पण तिच्यापुढे गाठोडं टाकायच्या आधी रेशमी साड्या वेगळ्या काढा. काठपदराची जरतार जुनी आणि खरी असेल तर ती चांदीची तार असते, रेशमावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. साडी फाटलेली असली तरी त्या जरीला किंमत असते, आणि अशा कितीतरी साड्या स्टीलच्या डब्यावर गेल्यात. ओळखीच्या सराफाला नाहीतर जुनी जरतार विकत घेणाऱ्याला आधी दाखवा. सुती लुगडी असतील तर त्यांची गोधडी, दुसरा विचारच नको. आत सुती, वर कसलंही चालतं, पण आतच सिंथेटिक घातलं की थर सरकतात आणि उन्हाळ्यात अंगाखाली घेववत नाही. मजुरीवर गोधड्या शिवणाऱ्या बायका अजून आहेत, हातानं धावदोरा घालतात, कापड आपलं, दोरा त्यांचा. तसंच कापसाच्या गाद्यांचं. जुन्या गादीचा कापूस पिंजून दिला की परत फुलतो, नवी खोळ घातली की गादी नवी. फोमच्या गादीला मात्र कोण विचारत नाही, हे विकत घेतानाच डोक्यात ठेवा.

आता जरा सावकाश, कारण पुढचं महत्त्वाचं आहे. कागद.

रद्दीवाला पोतं घेऊन दारात उभा, किलोवर घेणार, आणि नातू पेटीतले पिवळे कागद चवडीनं त्याच्या हातात द्यायला निघालेला. थोरल्यानं हात धरला. त्या पेटीत काय निघालं बघा: गिरणीची पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, अव्वांचं विडी कामगाराचं कार्ड, घराच्या उताऱ्याची नक्कल, आणि घडीवर घडी घालून ठेवलेला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. हा शेवटचा कागद आता नातवाच्या ॲडमिशनला लागणार आहे. जात पडताळणीला जुना पुरावा बघतात, ओबीसी आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, या तारखांच्या आधीचा वडिलांकडच्या नात्यातला कागद असला की काम सोपं होतं. नसला की शाळा, नगरपालिका, तहसील अशा चकरा, आणि शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं असलं तर बसा. रद्दीत त्या दाखल्याचे पाच पैसे पण आले नसते. म्हणून कागद सगळ्यात शेवटी, आणि घरातल्या वाचता येणाऱ्या मोठ्या माणसानं, एकेक उलगडून. मोडी किंवा तेलुगूत लिहिलेलं असलं तर वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय फाडू नका. लाइटची जुनी बिलं, लग्नपत्रिका, वॉरंटी संपलेली कार्डं, ती खुशाल जाऊ द्या.

बाकीचं पटकन. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, आत शिसं आणि ॲसिड असतं. ट्यूब, सीएफएल फोडू नका, पारा असतो, वेगळ्या बांधून घंटागाडीवाल्याला सांगून द्या. वायरी तांब्यासाठी जाळतात, तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात जातो, तेव्हा वायरींचा गुंता ई-कचरा घेणाऱ्यालाच. मुदत संपलेल्या गोळ्या कुणाला "गरिबाला देऊ" म्हणून देऊ नका.

आणि हे अव्वांचं सूप. बांबूचं, मधे बसून बसून खोलगट झालेलं, कडेला चिंधी शिवलेली. शेजारी कात्री, पान कापायचा पत्रा, दोऱ्याचं रीळ. सकाळी कारखान्यातनं तेंदूचं पान आणि तंबाखू आणायचं, पान भिजवायचं, कापायचं, आणि मग मांडीवर हे सूप घेऊन हजाराच्या हिशोबानं विड्या वळायच्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची चूल या सुपावर पेटलेली आहे. कात्रीचा अंगठ्याकडचा भाग झिजून गुळगुळीत झालाय, दुसऱ्या कुणाच्या बोटात ती बसतच नाही, सूनबाईंनी घालून बघितली.

हे कुणाला द्यायचं यावर घरात कुणी काही बोललं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सूप अव्वांबरोबर जाणार. आवरायचं म्हणजे सगळंच काढायचं असं कुणी सांगितलंय? ज्या वस्तूला पुढचा हात नाही आणि जिचा हात अजून घरात आहे, ती राहू दे ना. एवढ्या चादरी गेल्यावर एका सुपाला जागा होते.

राहता राहिलं शिलाई मशीन. पायाचं, काळं, वरची सोनेरी वेल पुसत आलेली. थोरली सून म्हणते विकू, धाकटी म्हणते फ्लॅटमध्ये टेबल म्हणून वापरू, अव्वा म्हणतात चालतं मशीन टेबल कशाला. मग कामाला येणाऱ्या मावशींकडनं निरोप आला, त्यांची भाची कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची ती वसाहत, दहा हजार घरं, खोल्या लहान, पण पोरगी फॉल-पिकोचं शिकलीय आणि मशीन नाही. तिला हे द्यायचं ठरलंय, पैसे घ्यायचे नाहीत, फक्त चामड्याचा पट्टा तुटलाय. थोरला उद्या नवा पट्टा घेऊन येणार, अव्वांनी तेलाचा डबा मागवलाय, मशीन चालवून बघितल्याशिवाय रिक्षात चढवायचं नाही असं त्यांनी सांगून ठेवलंय.